दोन मीटर ऐंशी

मंत्र्यांनी भाषणात आमच्या कार्यालयाचं कौतुक केलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. भूजल कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीत बसायला लागून मला एकतीस वर्षं झाली. तेवढ्या काळात वरच्या माणसांनी आमचं नाव दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा पाठोपाठ चौकशी लागली.

"कारखाने वाढले की पाणी आटतं, असं म्हणणाऱ्यांना आता आकडेच उत्तर देतायत," मंत्री टीव्हीवर सांगत होते. "यंदा पाऊस कमी, उत्पादन जास्त, आणि तरी जमिनीतलं पाणी जवळजवळ दीड मीटर वर आलंय!"

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. असे खूश झाले की जणू प्रत्येकानं आपापल्या घरून एकेक बादली आणून जमिनीत ओतली होती.

कारखाना कसला, तर नव्या पँटी जुन्या करण्याचा. खोटं वाटेल, पण निळी कोरी पँट एका दारानं आत जाते, दगडांबरोबर यंत्रात घुसळली जाते, तीनचारदा धुतली जाते, गुडघ्यांवर विटवली जाते आणि दुसऱ्या दारानं बाहेर येते तेव्हा कुणीतरी दहा वर्षं अंगावर वागवल्यासारखी दिसते. मग तिची किंमत वाढते. आमच्या ह्यांनी जन्मभर अशा पँटी घरबसल्या तयार केल्या, पण त्यांना कधी कुणी उद्योजक म्हटलं नाही. निम्मं शहर त्या कारखान्यावर पोसलं जातंय, हे मात्र खरं. आता त्याला शेजारीच तेवढाच दुसरा विभाग काढायचा होता.

त्याला अट एकच होती. शहराभोवती आमच्या सात निरीक्षण विहिरी आहेत. विहिरी म्हणायच्या एवढंच, खरं तर जमिनीत खोल गेलेल्या वीतभर रुंदीच्या नळ्या, वर झाकण आणि कुलूप. या सातांतलं पाणी सरासरी चोवीस मीटरच्या आत लागलं तर परवानगी, त्याहून खोल गेलं तर नाही. गेल्या वर्षी ते तेवीस मीटर चाळीसवर होतं. यंदा पाऊस असा पडला की छत्रीसुद्धा धड भिजली नाही. सगळ्यांनी श्वास रोखला होता आणि अहवाल आला तो एकवीस मीटर पंचाण्णव.

आता मुद्द्याचं सांगते. ही मोजणी माझे जावईबापू करतात.

मोठ्या अहवालाची प्रत बाहेर पाठवण्यासाठी माझ्याकडे आली, तेव्हा सात विहिरींचे सात आकडे मी बोटानं खाली उतरत वाचले. सहाव्या आकड्यावर बोट थांबलं. सहा नंबरची विहीर टेकडीवर, अखंड कातळात आहे. तिचा बाकीच्या सहांशी काही संबंध नाही. पाऊस पडो न पडो, तिच्यात पाणी चौदा मीटर वीसवर. अकरा वर्षं मी तो आकडा जावकला लावत आले. तिला कार्यालयात 'खाष्ट सासू' म्हणतात, कारण काहीही झालं तरी ती जागची हलत नाही. आणि यंदा तिच्यापुढे लिहिलं होतं, अकरा मीटर चाळीस.

मी पाटीवर गणित करणाऱ्या मुलीसारखी वजाबाकी केली. दोन मीटर ऐंशी.

जी बाई अकरा वर्षांत बोटभर सरकली नाही, ती दुष्काळात दोन मीटर ऐंशी वर आली? कुणाच्या स्वागताला? कुठंतरी पाणी मुरतंय, असं बाकीचे लोक म्हणाले असते. आमच्या कार्यालयात ते चांगल्या अर्थानं म्हणतात, म्हणून मी गप्प बसले.

रविवारी लेकीकडे गेले. कार्यालयामागच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत त्यांना दोन खोल्या मिळाल्यात. दारातच नवं धुलाई यंत्र दिसलं.

"हे कधी घेतलं?"

"मागच्या महिन्यात," लेक म्हणाली.

"रोख?"

"आई, तू जेवायला आलीस की धाड टाकायला?"

"विचारलं आपलं. जावईबापूंच्या थोरल्या भावाला कारखान्याच्या फाटकावर नोकरी लागली म्हणे."

"लागली. मग?"

"मग काही नाही. अभिनंदन."

जावईबापू ताटावरून मान वर करत नव्हते. एरवी हा माणूस माझ्यासमोर बसला की विहिरींच्या गोष्टी थांबत नाहीत; कुठं नळीत बेडूक निघाला, कुठं झाकणावर कुणी दुचाकी लावून ठेवली. आज भातावर असं लक्ष, जसं काही त्यात शितं मोजून द्यायची होती. माझ्या डोक्यात हिशेब जुळत चालला होता. यंत्र, भाऊ, खाली घातलेली मान. तिन्ही रकमा एकाच बाजूला पडत होत्या.

"जावईबापू," मी म्हटलं, "खाष्ट सासू यंदा फार खूश दिसतेय."

त्यांनी मान वर केली. "कोण?"

"सहा नंबर. अकरा चाळीस."

"हो. यंत्रानं तसंच दाखवलं."

"आणि तुम्ही तसंच लिहिलंत?"

"आई, कच्चं वाचन जागेवर, पक्कं वाचन टेबलावर. मोजणाऱ्यानं रिळावर दिसेल ते लिहायचं, बेरीज-वजाबाकी साहेबांच्या टेबलाला करायची. हा नियम तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितला होतात."

सांगितला होता खरा. पूर्वी मोजणीवाले झाडाखाली बसून आकडे पाडायचे, म्हणून तो नियम आला. जागेवर खाडाखोड नाही, दुरुस्ती नाही, जे दिसलं ते.

"आणि बेरीज-वजाबाकी करायचं कारण काय होतं यंदा?"

ते उठले, हात धुतले आणि आतून रीळ घेऊन आले. त्यावर मोजपट्टीसारखे आकडे छापलेली चपटी केबल असते. टोकाला वजन. टोक नळीत सोडायचं, पाण्याला टेकलं की रिळातला भोंगा पीं करतो, मग काठावरचा आकडा वाचायचा. त्यांनी केबलचं टोक माझ्या मांडीवर ठेवलं. छापील केबल एका ठिकाणी संपत होती, तिथं काळ्या चिकटपट्टीची जाड गाठ होती आणि गाठीपुढं साधी लाल-काळी वायर.

"मोजणीआधी चाचणी घेताना तीन नंबरच्या नळीत टोक अडकलं," ते म्हणाले. "ओढताना तुटलं. खालची एक मीटर वीस केबल सोलून गेली होती, ती कापून टाकली. वायरमनकडे चार मीटरचा तुकडा होता तो जोडला. टोक जुनंच."

"चार मीटर कशाला? हातभर पुरला नसता?"

"गाठ पाण्याजवळ नको, आई. ओल लागली तर भोंगा आधीच वाजतो." हे सांगताना त्यांना बरं वाटत होतं, कारण कामातली खुबी होती ती. "म्हणून लांब घेतली."

गाठ पाण्यापासून लांब ठेवण्याची एवढी काळजी! चार घातले, एक वीस काढले. रीळ बावीस दाखवेल तेव्हा टोक चोवीस ऐंशीवर असणार. सातही विहिरींत दोन मीटर ऐंशी पाणी आमच्या जावईबापूंच्या चिकटपट्टीनं वर आणलं होतं. तेवढं खाली घातलं की सरासरी होत होती चोवीस मीटर पंचाहत्तर. म्हणजे परवानगी नाही.

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"अर्ज दिला ना. मोजणीच्या आधीच. नवी केबल द्या, आणि तोवरच्या प्रत्येक वाचनात दोन मीटर ऐंशीची भर धरा, असं स्वच्छ लिहिलं होतं. मला वाटलं, टेबलावर भर धरली असेल. भाषण ऐकलं तेव्हा..." ते थांबले. "तेव्हापासून मला घास उतरत नाहीये."

"अर्ज दिलात कुणाच्या हातात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुमच्याच, आई. खिडकीत."

लेक ताटं उचलत होती. तिच्या हातात ताटं तशीच राहिली.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी कार्यालयात पोचले. आवकची वही काढली. क्रमांक चारशे अठरा. माझंच अक्षर. विषय: 'नवीन केबल मिळणेबाबत'. कोणाकडे: भांडार. दिवसाला साठसत्तर कागद येतात. मी वरची विषयाची ओळ बघते आणि टेबल ठरवते. केबल म्हटलं की भांडार. आतला मजकूर वाचायची मला गरज वाटली नाही, एकतीस वर्षांत कधी वाटली नव्हती. संशय घ्यायला मी घरोघरी जाते आणि स्वतःच्या हातातला कागद वाचत नाही.

भांडार तळघरात. भांडारपालाला सगळे 'कुलूप' म्हणतात. तोंड उघडायला त्याला किल्ली लागते. मी चहा घेऊन गेले.

"चारशे अठरा कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे? आला होता ना?"

"आला होता."

"मग?"

त्यानं चहाचा घोट घेतला, हालचाल वही माझ्याकडे फिरवली आणि बोट ठेवलं. कागद आला त्याच्या तिसऱ्या दिवशी वर गेला होता. 'साहेबांनी पाहण्यासाठी मागविला.' खाली साहेबांची सही, वेळेसकट. अहवाल बाहेर पडायला तेव्हा नऊ दिवस बाकी होते.

"परत आला?"

"बाई," कुलूप म्हणाला, आणि एवढं लांब वाक्य मी त्याच्याकडून पहिल्यांदा ऐकलं, "वर गेलेले कागद खाली यायला लागले तर मला कपाट पुरायचं नाही."

तर हिशेब असा होता. जावईबापूंनी गाठ मारली, पण सांगितलं. मी कागद चुकीच्या टेबलाला पाठवला. आणि साहेबांना तो योग्य वेळी मिळाला, त्यांनी वाचला, आणि भर धरली नाही. पहिल्या दोन चुका होत्या. तिसऱ्या गोष्टीला काय म्हणायचं, ते मी त्यांनाच विचारायचं ठरवलं.

साहेबांच्या खोलीत कारखान्याचा माणूस बसला होता. त्याचं तिथलं पद काय, कुणालाच नक्की माहीत नाही. आम्ही त्याला 'हसरा' म्हणतो. कुणाच्या दुःखाला गेला तरी ओठ मिटत नाहीत.

"या बाई, बसा," साहेब म्हणाले. मला या खोलीत बसायला सांगितलं गेलं, ही आणखी एक वाईट खूण.

"चारशे अठरा," मी म्हटलं.

साहेबांनी हसऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालेलं होतं.

"बाई, तुमचे जावई हुशार आहेत. पण सरकारी उपकरणात त्यांनी बाजारातली वायर घातली. परवानगीशिवाय. हे लिहायचं म्हटलं तर किती गंभीर दिसेल! आणि तो अर्ज तुम्ही भांडाराला पाठवलात. तेही लिहावं लागेल. दोन वर्षं राहिलीत ना तुमची?"

"एक वर्ष दहा महिने."

"बघा. मला कुणाचं वाईट करायचं नाही."

"आणि दोन मीटर ऐंशीचं काय करायचं, साहेब?"

त्यांनी खण उघडला, एक कागद काढला. त्यावर रेघ आखली होती आणि रेघेखाली वर्षं लिहिली होती. "एकदम खाली दाखवलं की लोक घाबरतात. पुढच्या वर्षी सत्तर सेंटीमीटर खाली धरू. त्याच्या पुढच्या वर्षी ऐंशी. चार वर्षांत आकडा आपोआप जागेवर येईल. तोवर दुसरा विभाग उभा राहिला असेल, माणसं कामाला लागली असतील."

पाणी हप्त्याहप्त्यानं खाली नेण्याची योजना. मी पुष्कळ हप्ते बघितलेत, पण जमिनीच्या पोटाला लावलेले हे पहिलेच.

"आणि या चार वर्षांत खरं पाणी? ते कुठं जाईल?"

"ते कुणाला दिसतंय?" हसरा म्हणाला, आणि हसला. "काकू, माणसं दिसतात. नोकऱ्या दिसतात. तुमच्या जावयांच्या भावाचीच घ्या."

त्यानं मला काकू म्हटलं, आणि भावाचं नाव काढलं. एका दमात दोन नाती जोडली गेली, मला न विचारता.

साहेबांनी दुसरा कागद पुढं सरकवला. जावईबापूंच्या बढतीचा आदेश. मोजणीदारापासून थेट पर्यवेक्षक. पगारवाढ, मोठं घर. खाली त्यांच्या सहीसाठी जागा आणि वर एक ओळ: 'यंदाच्या मोजणीची सर्व वाचने मी स्वतः तपासून पक्की केली आहेत.'

"तुम्ही घरच्याच," साहेब म्हणाले. "तुम्हीच द्या त्यांना."

या वेळी मी कागद शब्दन्‌शब्द वाचला. जिन्यातच उभी राहून, दोनदा. बढती कसली, पक्कं वाचन टेबलावरून उचलून माझ्या जावयाच्या गळ्यात घालण्याचा कागद होता तो. उद्या जमीन कोरडी पडली की सगळ्यांचे हात वर आणि सही एकट्याची.

संध्याकाळी लेकीच्या घरी तो कागद टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. वसाहतीच्या बोअरचा पंप बाहेर खोकत होता. गेल्या महिन्यापासून तो संध्याकाळी पाण्याऐवजी हवा ओढायला लागला होता.

"सही केली, तर?" लेकीनं विचारलं.

"तर घर मोठं. आणि पुढं जे होईल ते ह्यांच्या नावावर."

"आणि नाही केली?"

"तर निलंबन. परवानगीशिवाय वायर. हे घर सोडावं लागेल."

लेक माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर मी ओळखते, माझीच आहे. "म्हणजे तू चुकीच्या टेबलाला कागद पाठवलास, आणि आता खरं बोलायचं ते ह्यांनी. घर जायचं ते माझं. तुझं काय जाणार, आई?"

"माझंही काहीतरी जाईल."

"काय ते आधी कळू दे."

जावईबापू रिळाची मूठ उगीच फिरवत होते.

"मला त्या नळ्यांवर पुन्हा जावंच लागणार," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या वर्षी टोक खाली सोडणार, भोंगा वाजणार, आणि मी साहेबांच्या रेघेवरचा आकडा लिहिणार? मला नाही जमायचं. हात लिहिणार नाही."

"हात लिहील," लेक म्हणाली. "सगळ्यांचे लिहितात."

"मग चार वर्षांनी माझी सही दाखवतील."

ती आत गेली आणि तिनं नवं धुलाई यंत्र लावलं, कपडे नसताना.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जावईबापू माझ्या खिडकीपुढं रांगेत उभे राहिले. पुढं दोन माणसं, मागं चार. त्यांचा नंबर आला तेव्हा कागद आत सरकवला. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं: 'यंदाच्या सातही विहिरींच्या वाचनांत दोन मीटर ऐंशीची चूक असल्याबाबत'. खाली सगळं, गाठ, वायर, आधीचा अर्ज, साहेबांनी तो मागवल्याची तारीख. फक्त एक गोष्ट नव्हती. अर्ज भांडाराला कसा गेला, ते त्यांनी गाळलं होतं.

"हे अपुरं आहे," मी म्हटलं.

"आई, राहू द्या."

"इथं आई नाही, इथं बाई. लिहा: आवक लिपिकानं मजकूर न वाचता कागद चुकीच्या टेबलाला पाठवला."

"तुमचं एक वर्ष दहा महिने..."

"लिहा. मागं माणसं खोळंबलीत."

त्यांनी लिहिलं. मागच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "घरचं भांडण असेल तर बाजूला होऊन करा की." मी शिक्का मारला, क्रमांक घातला आणि प्रती काढून वरच्या खात्याला, परवानगी देणाऱ्या मंडळाला आणि दोन वर्तमानपत्रांना त्याच दिवशी जावक केल्या. या वेळी टेबलं वाचून ठरवली.

पुढं जे व्हायचं ते झालं. जावईबापू निलंबित झाले, मला खुलाशाची नोटीस आली, भावाला कारखान्यानं 'काम समाधानकारक नाही' म्हणून फाटकावरून फाटकाबाहेर केलं. परवानगी मात्र थांबली. मंत्री म्हणाले, "आम्हाला लपवायचं काहीच नाही," आणि फेरमोजणीची समिती नेमली. नवी सीलबंद केबल, बाहेरचे तज्ज्ञ, पत्रकारांसमोर. तारीखही जाहीर केली.

सरळ सगळं. इतकं सरळ की मला झोप येईना.

लेक आणि जावई माझ्या दोन खोल्यांत राहायला आले होते. लेक माझ्याशी बोलत नव्हती. जे सांगायचं ते नवऱ्यामार्फत. "त्यांना सांगा, चहा झालाय." मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली. "त्यांना विचारा, साखर किती." लग्नाआधी कित्येक वर्षं मी तिच्याच हातचा चहा पीत आले होते, साखर तिला पाठ होती. जावईबापू बिचारे आमच्यामधल्या निरोप्याचं काम इमानदारीनं करत होते. एक शब्द इकडचा तिकडे करत नव्हते. मोजणीचा माणूस.

माझं घर कारखान्याच्या कुंपणाला लागून. चोवीस तास त्यांच्या पंपांचा घुमारा येतो. आम्हाला तो ऐकूच येत नाही, इतका अंगवळणी पडलाय. फेरमोजणीला चार दिवस उरले असताना, रविवारी भर दुपारी, मी नोटिशीचा खुलासा लिहीत बसले होते आणि अचानक घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मला वाटलं, आपल्याला काहीतरी होतंय.

लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात उलथनं.

"आई, आवाज का थांबला?"

तिनं आई म्हणून हाक मारल्यावर आधी मला आनंद झाला, आणि मग प्रश्न कानात शिरला.

जावईबापू खिडकीशी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "विहिरींना विश्रांती देतायत," ते म्हणाले. "पंप बंद केले की भोवतालचं पाणी हळूहळू आत जमतं. चार दिवसांत मीटरभर चढेल. कदाचित जास्त."

"म्हणजे?"

"चोवीस पंचाहत्तरचं तेवीसच्या घरात. नवी केबल, खरी मोजणी, सगळ्यांसमोर. एक आकडा खोटा नसेल."

"आणि मोजून झालं की पंप चालू," मी म्हटलं.

मी मनात हिशेब करत होते. साहेबांना आमच्या कागदाचा राग आला नव्हता तर. त्यांना फक्त चार दिवस हवे होते.

"मोजणीच्या फॉर्मवर एक रकाना असतो," जावईबापू म्हणाले. "जवळचे पंप कधीपासून बंद. तो कुणी भरत नाही. तो भरला की समितीला मोजणी पुढं ढकलावी लागते, नियमच आहे."

"मग भरा," लेक म्हणाली.

"मी निलंबित. माझी सही कोण धरणार?"

"आणि मी चौकशीतली," मी म्हटलं. "आम्ही दोघांनी काही लिहिलं तर सूडबुद्धी म्हणतील."

तिनं उलथनं टेबलावर ठेवलं, माझ्यापुढचा खुलाशाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. "पंप बंद झाले तेव्हा किती वाजले होते?"

"दोन वाजून दहा," जावईबापू म्हणाले. "पण नुसतं एकदा लिहून..."

"एकदा नाही. रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ लिहीन. वरच्या मजल्यावरच्या दोघींनाही सही करायला सांगते, त्यांनाही ऐकू येतं. कपडे धुणारी बाई कारखान्यामागूनच येते, तिलाही विचारीन." ती लिहीत होती. अक्षर माझ्यासारखं, पण ओळी सरळ.

"झालं की दे माझ्याकडे," मी म्हटलं. "खिडकीत क्रमांक घालून..."

"तुझ्या खिडकीत नाही देणार." तिनं मान वर केली नाही. "त्या रकान्यासाठी समितीच्या अध्यक्षांच्या हातात देईन, आणि उभी राहून पोच घेईन. त्यांनी माझ्यासमोर वाचेपर्यंत हलणार नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. मी उठले, तिच्या पाठीमागं उभी राहिले आणि तिनं लिहिलेलं सुरुवातीपासून वाचायला लागले.